रोव्हरच्या सॅम्पलिंगवर तुमचे प्रश्न: चाळणीत अडकलेली माती आणि बाकीचं

रोव्हर स्पर्धांचा सीझन जवळ आला की कॉलेजच्या टीम्सकडून तेच तेच विचारलं जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

प्रश्न: प्रज्ञान रोव्हरने चंद्रावरची माती कशी उचलली? ते मेकॅनिझम कॉपी करायचंय.

उत्तर: उचललीच नाही. त्यावर एपीएक्सएस (एक्स-रे वापरून मातीतली मूलद्रव्यं ओळखणारं) आणि लिब्स (लेझर मारून तेच काम करणारं) ही दोन उपकरणं होती, दोन्ही जागेवरच मोजतात. माती परत आणायचं काम चांद्रयान-4 चं आहे.

प्रश्न: नासाच्या मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरची नमुना भरायची पहिली नळी रिकामी निघाली म्हणजे ड्रिल बिघडलं होतं, असं एका व्हिडिओत ऐकलं.

उत्तर: व्हिडिओत काहीही सांगतात. ऑगस्ट 2021 मध्ये ड्रिल व्यवस्थित चाललं, खडकाचाच भुगा झाला आणि नळीत काही राहिलं नाही. नळीत प्रोब घालून मोजलं म्हणून लगेच कळलं तरी, तुमच्या डिझाइनमध्ये असं काही मोजायला आहे का ते आधी बघा. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या खडकातून नमुना नीट मिळाला.

प्रश्न: आमचा ऑगर (माती वर खेचणारा स्क्रूसारखा ड्रिल) बीचवरच्या वाळूत मस्त चालतो, माती चाळणीतून सरसर खाली पडते. एवढं टेस्टिंग पुरे ना?

उत्तर: नाही, आणि माझं डोकं इथेच फिरतं. कोरडी धुतलेली वाळू म्हणजे सगळ्यात सोपा पेपर, कण गोलसर आणि बारीक पूड जवळपास नाहीच. 2008 मध्ये फीनिक्स लँडरने मंगळावरची माती, ती तापवून तपासणाऱ्या छोट्या भट्टीच्या जाळीवर ओतली, जाळीची भोकं साधारण 1 मिमीची, आणि आत काहीच गेलं नाही, कारण माती ढेकळासारखी चिकटून बसली. मग जाळी कित्येक दिवस थोडी थोडी हलवत राहिले तेव्हा कुठे भट्टी भरली, आणि पुढे बर्फाळ माती स्कूपलाच चिकटून बसली ते वेगळंच. कारण साधं आहे, मंगळावर गुरुत्व आपल्या 38 टक्के, म्हणजे मातीचं वजन कमी होतं पण कणांचा एकमेकांना धरून ठेवायचा चिकटपणा तसाच राहतो, त्यामुळे "वरून टाकलं की खाली पडेल" हे गृहीतच धरायचं नाही. गिरणीत हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यात, पीठ अडकलं तर गिरणीवाला दोन थपडा मारतो, तिथे थपडा कोण मारणार? म्हणून तुमच्या हॉपरच्या भिंती जास्त उभ्या ठेवा, तोंड रुंद ठेवा, व्हायब्रेटर लावा, एकदम ओतण्यापेक्षा थोडं थोडं शिंपडा. वाळूत बारीक पूड मिसळून, थोडी ओलसर करून, रोव्हर तिरका ठेवूनसुद्धा टेस्ट करा. आणि सिव्हिल डिपार्टमेंटच्या सॉइल लॅबमधल्या सरांना भेटून डायरेक्ट शिअर टेस्ट (मातीचे थर एकमेकांवरून सरकायला किती जोर लागतो ते मोजणारी) करून घ्या, तुमच्या मातीचे आकडे हातात नसताना मी इथे बसून भिंतींचा कोन किती ठेवा हे सांगणार नाही.

प्रश्न: ऑनलाइन "ओरिजिनल मून सॉइल" किट मिळतंय, घ्यावं का?

उत्तर: ओरिजिनल कसलं डोंबलाचं! विकणाऱ्याला कणांच्या आकाराचा आलेख मागा, दिला नाही तर पैसे वाचवा. इस्रोने सुद्धा तामिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा अनॉर्थोसाइट नावाचा खडक दळून चंद्रासारखी माती बनवली होती. आपल्याकडे खडी क्रशरवर बेसॉल्टची डस्ट मिळते, मंगळाच्या मातीच्या जरा जवळ जायला तेवढी पुरते. मास्क घालूनच हाताळा आणि लॅब इन्चार्जना आधी विचारा.

प्रश्न: ड्रिल पुढे-मागे नेणारी मोटर अडकली तर? बॅकअप लावला तर वजन वाढतंय.

उत्तर: मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरचं डिसेंबर 2016 मध्ये नेमकं हेच अडकलं. टीमने ड्रिल बाहेरच ठेवून आर्मनेच, म्हणजे रोव्हरच्या यांत्रिक हातानेच, दाब द्यायची पद्धत काढली आणि 2018 मध्ये परत भोकं पाडली, भुगा चाळणीतून न नेता ड्रिल उलटं फिरवून थेट उपकरणाच्या तोंडात टाकला. म्हणजे दुसरी मोटर लागेलच असं नाही, पण आर्म तेवढा दाब सोसेल का ते हिशोब करून तुमच्या गाइडकडून तपासून घ्या.

प्रश्न: बेअरिंगला ग्रीस कुठलं?

उत्तर: स्पर्धेसाठी साधं लिथियम ग्रीस चालेल, सील आधी चांगलं बसवा. निर्वातात साधं ग्रीस टिकत नाही, तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखं कोरडं वंगण लागतं, त्यासाठी ट्रायबॉलॉजीवाल्यांनाच (घर्षण आणि वंगणाचा अभ्यास करणाऱ्यांना) विचारा.

प्रश्न: स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय, सॅम्पल बॉक्स शेवटी जोडला तर चालेल?

उत्तर: तीन आठवडे! बॉक्स आला की गुरुत्वमध्य सरकतो, वायरिंग बदलतं, आर्मची पोच कमी पडते, आणि हे कुठल्याच टीमला आधी सुचत नाही. आज पुठ्ठ्याचा बॉक्स तेवढ्याच वजनाचा करून बांधा, रोव्हर चढावर चालवून बघा, आणि उद्या सकाळी गाइडना दाखवा, मला नको.