पाठवू नकोस, घेऊन जा

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा चहाच्या सुट्टीत तू खिशातून तीन पत्रकं काढलीस आणि टपरीच्या बाकड्यावर पसरलीस. एक संस्कार शिबिराचं, एक स्केटिंगचं आणि तिसरं मिलिटरी स्कूलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या निवासी वर्गाचं. "मामा, यातलं कुठलं बरं, सांगा की," म्हणालास. मी काही न बोलता चहा संपवून उठलो. मामांना राग आला असं तुला वाटलं असेल. राग नव्हता. ते तिसरं पत्रक मी पूर्वी पाहिलंय. तेव्हा कागद वेगळा होता, फोटो वेगळे होते, पण 'पालकांनी फक्त रविवारी भेटावे' ही ओळ तीच होती. त्या ओळीखाली मी सही केलीय. म्हणून आज लिहायला बसलो. तोंडी सांगायला गेलो असतो तर मध्येच थांबलो असतो.

तुझी अडचण मला ठाऊक आहे. १० एप्रिलला निकाल, दुसऱ्या दिवसापासून सुट्टी, आणि शाळा उघडणार मे संपता संपता. सात आठवडे. तू शिफ्टला, सूनबाई हॉस्पिटलात ड्युटीवर, आईचे गुडघे धरलेले. पोरगं दुसरीतलं. घरी बसलं की मोबाईल, मोबाईल काढून घेतला की रडारड. कोल्हापूरची भाचरं यायची म्हटली तर त्यांची सुट्टी लागते मेमध्ये. आपल्या बेळगावच्या पोरांची अर्धी सुट्टी संपते तेव्हा त्यांची सुरू होते, आणि ती जूनच्या मध्यापर्यंत हुंदडतात तेव्हा आपली दप्तर पाठीला लावून वर्गात बसलेली असतात. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या अल्याड-पल्याड सुट्टीचं पंचांगसुद्धा जुळत नाही. म्हणजे अख्खा एप्रिल पोरगं एकटं. हे सगळं मला मान्य आहे.

तरी माझं एकच सांगणं आहे. पोराला पाठवू नकोस, घेऊन जा.

माझ्या थोरल्याला मी तिसरीच्या आणि चौथीच्या, अशा सलग दोन सुट्ट्यांत बाहेरगावच्या निवासी वर्गाला पाठवलं. आपल्या गावात मिलिटरी स्कूल आहे, तिच्या भिंतीवरून रोज सायकलने कामाला जायचो. गणवेशातली ती पोरं बघितली की वाटायचं, आपलाही आत असावा. यात वाईट काय होतं? त्या वर्षी घराच्या कर्जाचे हप्ते सुरू झाले होते. मी बारा-बारा तास लेथवर उभा असायचो. घरी बायको शहापुरातल्या दुकानांसाठी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची, धाकटी अंगावर होती. पोराकडे बघायला कुणी नव्हतं. गल्लीतले निम्मे बाप तेच करत होते. मी काही पोराला टाकून दिलं नव्हतं. पोटाला चिमटा काढून फी भरली होती. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते मला पाठ झालंय.

पहिल्या वर्षी सोडायला गेलो तेव्हा तो रडला. दुसऱ्या वर्षी रडला नाही. मला वाटलं, शहाणा झाला. परीक्षा काही निघाली नाही, ते सोड. पण परत आल्यावर तो मला विचारूनच पाणी प्यायला लागला. "पप्पा, पाणी घेऊ?" त्याच्या आईने हे चार दिवसांत ओळखलं, मला ओळखायला वर्षं गेली. आता तो पुण्यात आहे, चांगल्या नोकरीत आहे. रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो, ठेवतो. दोन वर्षांमागे दिवाळीला आला होता तेव्हा मी विचारलं, त्या सुट्ट्यांतलं तुला काय आठवतं रे? म्हणाला, "वेळापत्रक." आणि सगळं म्हणून दाखवलं. पहाटे ५ ला उठणे, सव्वापाचला कवायत, ६ ला गणित, ८ ला नाश्ता. थेट रात्रीच्या दिवे बंदपर्यंत. एक शब्द चुकला नाही. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला सोपं गेलं असतं.

धाकटीच्या वेळी मी हट्टाला पेटलो. तिला पाठवायचं नाही म्हणजे नाही.

आता तू म्हणशील, मामा, शॉपमध्ये पोराला कसं आणू? आणायचंच नाही. लेथची बर, म्हणजे लोखंडाचा कीस, उडते, कूलंटने फरशी बुळबुळीत असते, ती जागा पोराची नाही. घेऊन जा म्हणजे कामावर घेऊन जा असं मी म्हणत नाही. तुझं जे जिणं आहे, त्यात त्याला घेऊन जा. दळण, दूध, बँक, गाडीचं पंक्चर, आईची औषधं, मयत सोडून सगळं. तू या कामांना कटकट समजतोस आणि ती उरकून मग पोराला 'वेळ द्यायला' बसतोस. तोवर पोरगं झोपलेलं असतं. बाबा रे, तो वेळ वेगळा काढायचा नसतोच.

धाकटीला घेऊन मी रविवार पेठेत जायचो. सायकलच्या दांड्यावर टॉवेल गुंडाळून बसवायचो. तिथे एकाच दुकानात मालक शेतकऱ्याशी कानडीत बोलतो, माझ्याशी मराठीत, आणि हमालाशी दोन्ही मिसळून. ती बघत राहायची. आठवड्याभरात ओंदू, एरडू, मूरू मोजायला लागली. पंधरा दिवसांनी मिरच्यांच्या ढिगापुढे उभी राहून 'एष्टु?' असं तिनेच विचारलं आणि त्या आज्जीने मूठभर मिरच्या वर घातल्या. शाळेत कन्नडच्या तासाला मान खाली घालणारी पोरगी ती. शिकवणी लावली नव्हती. तुझ्या पोराची शाळा इंग्रजी, घरी मराठी, बाहेर कन्नड. तीन भाषांत तो अडखळतो म्हणून तू काळजीत आहेस. घेऊन जा त्याला. दुकानांवरच्या पाट्या वाचत जा दोघं. तुलाही कन्नड अक्षरं धड वाचता येत नाहीत हे मला ठाऊक आहे, तो तुला वाचून दाखवेल. दाखवू दे.

एकदा लोंढ्याला नेलं होतं पॅसेंजरने. काम काही नव्हतं. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी. खानापूर सोडलं की झाडी गाडीला खेटते. डब्यात बायका करवंदाच्या टोपल्या घेऊन चढल्या, पानाच्या द्रोणात घालून देत होत्या. तिचे हात-तोंड जांभळे, फ्रॉक चिकाने खराब. घरी बोलणी मीच खाल्ली. दुपारी वळीव आला, लोंढ्याच्या फलाटावर आम्ही दोन तास पत्र्याखाली उभे. दोन तासांत ती जे बोलली तेवढं थोरला अख्ख्या शाळेच्या वर्षांत माझ्याशी बोलला नसेल. हे मी तुलना म्हणून लिहीत नाही. लिहितोय खरं तर तेच.

आता कामाचं. मार्चमध्येच सुपरवायझरकडे जा आणि एप्रिल-मेची शिफ्ट सूनबाईच्या ड्युटीच्या उलटी लावून माग. माग म्हणतोय मी, विनवणी नको. तू मशीन लावून देणारा चांगला सेटर आहेस, तुला नाही म्हणणार नाहीत. तिची सकाळ असेल तेव्हा तुझी सेकंड. नवरा-बायकोची गाठ दारातच पडेल, डबा हातात देता-घेता. सात आठवडे सोसा. आम्ही सोसलंय. भांडणंही झाली, ती लपवत नाही.

गल्लीजवळ दोन तासांचं शिबिर असेल, वाचनालयात गोष्टी सांगत असतील, तर खुशाल जाऊ दे. पण तू सोड, तू आण, आणि परत येताना 'आज काय शिकलास?' हा प्रश्न नको. चालत या, बास.

आजोळी, खानापूरकडे, तेही चालेल. पण एसटीत बसवून देऊन मोकळा होऊ नकोस. दोन दिवस रजा टाक, त्याच्याबरोबर राहा, सासऱ्याबरोबर काजूच्या बिया गोळा कर, फणस फोड, मग ये. आणि एक गोष्ट दरडावून सांगतो. तळं, विहीर, नदी, खडीची खाण, जिथे पाणी साठलंय तिथे त्याला इतर पोरांबरोबर सोडायचं नाही. दर उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात सुट्टीतली पोरं बुडतात. पोहायला शिकव, यंदाच शिकव, पाठीला डबा बांध आणि तू स्वतः पाण्यात उतर. तुला येत नसेल तर आधी तू शीक. काठावर उभं राहून मोबाईल बघत पोरगं पोहायला शिकवणारा बाप मी बघितलाय. बघवत नाही.

वैशाखात शिवजयंती आहे. इतर ठिकाणी आधीच झाली तरी आपल्याकडे ती वैशाखातल्या तिथीलाच धरून होते, चित्ररथांची मिरवणूक निघते, आणि त्याआधी पंधरा दिवस गल्लीच्या मंडळात सजीव देखाव्याची तालीम असते. पोराला मावळा कर आणि तूही रथाच्या मागे खिळे ठोकायला जा. रात्री १२ वाजतील. वाजू देत. दुसऱ्या दिवशी शाळा नसते, तेवढ्यासाठीच सुट्टी असते.

'वेळ नाही' हे मात्र मला सांगू नकोस. दहा मिनिटांच्या चहात तू सात मिनिटं रील बघतोस, मी समोर बसलेला असतो. पैशाची अडचण असेल तर तसं स्पष्ट सांग, मी समजेन. पण मला वाटतं, अडचण पैशाची नाही आणि वेळेचीही नाही. पोराबरोबर दिवसभर राहायचं म्हटलं की तुला धास्ती वाटते. काय बोलायचं, काय करायचं, तो चिडला तर काय. मलाही वाटायची. थोरल्याला पाठवलं त्यात हप्ते होते, ओव्हरटाइम होता, सगळं खरं. पण ही धास्तीही होती. एवढं आज पहिल्यांदा लिहितोय. ही मोडायला शिबिर चालत नाही. घेऊन जा, चार दिवस चुकशील, पाचव्या दिवशी तो तुझ्या आधी चप्पल घालून दारात उभा असेल.

येळ्ळूरच्या शिवारात आमचा भावाभावांत २० गुंठे तुकडा आहे. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमाराला लागतं, त्याआगेमागे जमीन कोरडी असतानाच आम्ही धूळवाफेत भात टाकतो. कुरीमागे, पेरणीच्या अवजारामागे, चालायला पोरगं लागतंच. तेव्हा त्याला घेऊन ये. तूही थांब. सकाळी सोडून संध्याकाळी न्यायला आलास तर मी दोघांनाही परत पाठवीन.

थोरल्याचा परवा फोन होता. नातीला मेमध्ये सुट्टी लागली की तीन आठवडे इथे ठेवून जावं म्हणतो. मला नको आहे का ती? रोज वाट बघतो. पण मी म्हटलं, ठेवून जाऊ नकोस, तूही राहा. चार दिवस राहा, दोन राहा, पण तिच्याबरोबर राहा. शेतात या दोघं. तो जरा थांबला. "बघतो पप्पा," म्हणाला, आणि तब्येतीचं विचारलं. या रविवारी फोन आला की पुन्हा सांगणार आहे.

तुझा,
मामा