पासपोर्टची प्रत मागणारा मेल

प्रश्न : हरमलला आमचं छोटं गेस्टहाऊस आहे. जुन्या जर्मन पाहुण्याच्या नावाने मेल आलाय : 'जीडीपीआरनुसार (युरोपीय संघाचा वैयक्तिक माहिती-संरक्षण कायदा) माझी सगळी माहिती, पासपोर्टच्या प्रतीसकट, २४ तासांत पाठवा.' पाठवावी का?

उत्तर : लगेच मुळीच नको. ज्याचा पासपोर्ट, त्याच्याकडे तो असतोच की! त्याच्या नावाने दुसराच कोणी मागत असेल. मेलमध्ये लिंक असली तर उघडू नका. बुकिंगच्या वेळचा ईमेल पत्ता काढून या मेलच्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक एखाद्या टिंबाचाही असू शकतो. त्या जुन्या पत्त्यावरच विचारा, मागणी तुमचीच का, बुकिंग क्रमांक काय. ओळखीसाठी नवी पासपोर्ट-प्रत मागवू नका, सांभाळायची जोखीम वाढते. २४ तासांची धमकी पोकळ आहे. जीडीपीआर लागू होत असला तरी मुदत साधारण एक महिन्याची. मात्र मेल दुर्लक्षून चालणार नाही, मागणी खरीही असू शकते. ओळख पटल्यावरही सोबतच्या पाहुण्यांची नावं, फोन झाकूनच द्या.