वाहन आणि वाचक : जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया घ्यायची, पण कोणत्या इंजिनाची?

प्रश्न : जालन्याच्या मोंढ्यात माझे दुकान असून गेली नऊ वर्षे मी एक साधी हॅचबॅक वापरतो आहे. आता थोडी हौसेची, वेगाची गाडी घ्यावी असे मनात आहे. दोन ऑक्टाव्हिया पाहून ठेवल्या आहेत. एक 2015 ची 1.8 टीएसआय पेट्रोल, 62,000 किलोमीटर चाललेली. दुसरी 2016 ची 2.0 टीडीआय डिझेल, 1,10,000 किलोमीटर चाललेली. दोन्ही ऑटोमॅटिक आहेत आणि किंमतही जवळपास सारखीच सांगितली जाते. रोज घर ते दुकान जाऊन-येऊन सात किलोमीटर, महिन्यातून दोनदा छत्रपती संभाजीनगर आणि वर्षातून तीन-चार वेळा समृद्धी महामार्गाने मुंबई, एवढाच माझा प्रवास आहे. मेव्हणे डिझेलच घ्या म्हणतात, तर मुलाच्या मते घ्यायचीच असेल तर आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची अधिक शक्तीची आवृत्ती घ्यावी. आपला सल्ला काय?
– एक वाचक, जालना

उत्तर : आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्या गाडीची वर्षानुवर्षे जुळणी झाली, तीच गाडी आपल्या मनात भरावी यात नवल नाही. मात्र आपला प्रश्न केवळ इंजिनापुरता आहे आणि इंजिन कधी एकटे येत नाही. त्याला जोडलेला गिअरबॉक्सही आपण विकत घेत असता. या दोन गाड्यांमध्ये तर खरा फरक तिथेच आहे.

1.8 टीएसआय इंजिन 180 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) शक्ती आणि 250 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, देते. त्याच्या सात गिअरच्या डीएसजी या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील दोन्ही क्लच कोरडे आहेत, म्हणजे त्यांना थंड ठेवायला तेल नाही. मोंढ्यातल्या हातगाड्या आणि टेम्पोंच्या गर्दीत, मे महिन्याच्या उन्हात, गाडी फूट-फूट पुढे सरकते तेव्हा हे क्लच सतत अर्धवट घसरत राहतात, तापतात आणि झिजतात. डिझेलचा टॉर्क 320 न्यूटन-मीटर असल्यामुळे तिला सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीएसजी दिला आहे. तो गर्दी अधिक सोसतो. मात्र त्याचे तेल आणि फिल्टर दर 60,000 किलोमीटरला बदलावे लागतात. आपण पाहिलेल्या गाडीत हे काम एकदा तरी झालेले असलेच पाहिजे. त्याचे बिल मागा. बिल नसेल, तर काम झालेले नाही असेच समजावे.

कोरड्या क्लचच्या या गिअरबॉक्सची मर्यादाच 250 न्यूटन-मीटरची आहे. सुपर्ब या थोरल्या गाडीत हेच 1.8 इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्ससह 320 न्यूटन-मीटर टॉर्क देत असे, पण डीएसजीसोबत कंपनीने त्याला 250 वरच रोखले होते. यातून लक्षात यावे की संगणकीय रीमॅप करून, म्हणजे इंजिनाचा प्रोग्राम बदलून, टॉर्क वाढवलेली 1.8 ऑटोमॅटिक कितीही झेपावली तरी घेऊ नये. हौशी मालकांमध्ये हा प्रकार बराच चालतो आणि विकताना मूळ प्रोग्राम परत घालून देणारेही भेटतात.

आता मेव्हण्यांच्या सल्ल्याकडे वळू. आपला महिन्याचा प्रवास साधारण 700 किलोमीटर भरतो. पेट्रोल गाडी लिटरला 12 आणि डिझेल 16 किलोमीटर जाते असे धरले, तर अनुक्रमे 58 आणि 44 लिटर इंधन लागेल. पेट्रोल 105 आणि डिझेल 92 रुपये लिटर धरल्यास महिन्याला दोन हजार, म्हणजे वर्षाला चोवीस हजार रुपये वाचतात. रक्कम नगण्य नाही, हे मान्य. परंतु रोज साडेतीन किलोमीटर जाऊन बंद होणारे डिझेल इंजिन पुरते तापतच नाही. ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप) आणि इनटेकमध्ये (हवा आत जाण्याच्या वाटेत) काजळी साठत जाते. त्यात लाखापुढे गेलेल्या गाडीत इंजेक्टर, टर्बो आणि टायमिंग बेल्ट यांचा खर्च केव्हाही दारात उभा राहू शकतो. एखादा इंजेक्टर संच दोन-तीन वर्षांची बचत सहज गिळतो.

डिझेलच्या बाजूने एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा, तो म्हणजे ई-20 पेट्रोलचा. 2015 ची गाडी 20 टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेली नाही. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून मायलेज थोडे घटते. शिवाय इथेनॉल ओलावा शोषून घेत असल्याने गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्‌महिने उभी ठेवू नये आणि इंधनाच्या नळ्या व सील दर सर्व्हिसिंगला तपासून घ्यावेत. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलविषयी तक्रार करणे आपल्याला शोभत नाही, हा भाग वेगळा.

तरीही आपल्या वापरासाठी माझा कौल 1.8 पेट्रोललाच आहे, पण गिअरबॉक्सची परीक्षा उत्तीर्ण झाली तरच. गाडी पाहायला सकाळी जा आणि आपण पोहोचण्यापूर्वी ती सुरू करू नका असे मालकाला बजावा. बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करा. सुरू होताच काही सेकंद साखळीचा खडखडाट आला, तर टायमिंग चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर संशयास्पद समजावा. त्यानंतर किमान अर्धा तास गाडी चालवा आणि त्यातली वीस मिनिटे मुद्दाम गर्दीत घालवा, कारण तापल्याशिवाय हा गिअरबॉक्स आपले दुखणे सांगत नाही. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना थरथर जाणवली, चढावर रिव्हर्स घेताना झटके बसले किंवा गिअरची खूण पडद्यावर लुकलुकली, तर तिथूनच परत फिरावे. शेवटी ज्या गॅरेजमध्ये या गाड्यांचे स्कॅनर आहे तिथे क्लचची झीज आणि नोंदलेले दोष वाचून घ्या. दोष नोंदताना गाडीतले काही इलेक्ट्रॉनिक मोड्यूल किलोमीटरचा आकडाही साठवतात. मीटर मागे फिरवलेले असल्यास तिथे उघडे पडते.

ती नापास झाली, तर मॅन्युअल गिअरबॉक्सची 1.4 टीएसआय शोधावी. शक्ती 140 पीएस, पण टॉर्क तोच 250 आणि डीएसजीची चिंताच नाही. मला स्वतःला जालन्यासाठी तीच अधिक शहाणी गाडी वाटते, पण आपण हौसेचे म्हणालात. चिरंजीवांची आरएस, 230 पीएसची, 2017 मध्ये मोजक्याच संख्येने आपल्याकडे आली. चांगली गाडी मिळणे कठीण आणि मिळाली तर किंमत आपल्या दोन्ही गाड्यांच्या बरीच वर जाईल.

प्रश्न : मी कामानिमित्त लातूर-पुणे असा महिन्याला अडीच हजार किलोमीटर प्रवास करतो. दिल्लीची 2017 ची बीएमडब्ल्यू 320डी बरीच स्वस्त मिळते आहे. पेट्रोल 330आय पाहावी, की हीच घ्यावी?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आपल्याला डिझेलच योग्य. इंजिन तापायला भरपूर वाट मिळते आणि 190 अश्वशक्ती व 400 न्यूटन-मीटर टॉर्कपुढे ओव्हरटेकसाठी पेट्रोलची उणीव भासणार नाही. स्वस्ताईचे कारण दिल्लीतील डिझेल गाड्यांवरची दहा वर्षांची मर्यादा हे आहे. महाराष्ट्रात नोंदणीसाठी एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) लागेल आणि इथला कर नव्याने भरावा लागेल; तो पेट्रोलपेक्षा डिझेल गाडीला जास्त आहे, तेव्हा तो किमतीत मिळवूनच स्वस्त-महाग ठरवा. या इंजिनाची टायमिंग साखळी मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती वाजत असेल, तर एवढ्या साखळीसाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आवाज आला की सौदा सोडा; दुरुस्तीपोटी सवलत मागत बसू नका.