तीन पानांत सात वेळा ‘नर्स नको’

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, पीसीबीला ६८ टक्के. नीट दोनदा दिली, दोन्ही वेळा सरकारी जागेच्या बरीच खाली राहिली. गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या बाळंतपणाला ती दवाखान्यात रात्रभर थांबली, तेव्हापासून ‘मिडवाइफ व्हायचंय’ हे खूळ डोक्यात आहे. आमच्या घराण्यात कोणी नर्स झालेलं नाही, होऊही नये असं मला वाटतं. कोल्हापूरचे एक कन्सल्टंट म्हणतात, इंग्लंडमध्ये नर्स न होता थेट मिडवाइफरीची पदवी करता येते. दोन एकर विकायची तयारी आहे. परत आल्यावर तिला इथे मिडवाइफ म्हणून काम करता येईल ना? की तिसऱ्यांदा नीटला बसवू?
– एक वडील

उत्तर :

सर, नमस्कार.

तुमच्या तीन पानी पत्राचा सारांश वर दिला आहे. तुम्ही शिक्षक आहात, म्हणून मीही तुमच्यासारखीच लाल पेन घेऊन पत्र वाचलं. ‘नर्स’ हा शब्द सात वेळा आला आहे आणि सातही वेळा त्याच्यासोबत ‘नको’, ‘नाही’ किंवा ‘लोक काय म्हणतील’ आहे. मुलीचं म्हणणं मात्र एकाच वाक्यात आटोपलंय, तेही ‘खूळ’ या शब्दाने. तिला नर्सिंग नको आहे, असं ती म्हणाल्याचं तीन पानांत कुठेही नाही. नर्स न होता मिडवाइफ कसं व्हायचं, हा प्रश्न तिचा नाही. तो तुमचा आहे.

नीटचं आधी उरकते. तिसऱ्यांदा बसवू नका. जिला डॉक्टर व्हायचं नाही तिला डॉक्टरकीच्या परीक्षेला पुन्हा बसवण्यात वर्ष जातं आणि घरातलं बोलणं बंद होतं.

आता ‘घराण्यात कोणी नर्स झालेलं नाही’ याबद्दल. हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकते आहे. इंजिनिअर झालेलं कोणी नसलं की तेच लोक अभिमानाने सांगतात, ‘आमच्यात पहिलाच!’ नर्सच्या बाबतीत तेच वाक्य अब्रूचं कसं होतं? रात्रपाळी असते म्हणून म्हणाल, तर रेसिडेंट डॉक्टर मुलगी सलग दोन दोन रात्री वॉर्डात असते, त्याचं आपण कौतुक करतो. परक्या पुरुषांची सेवा करावी लागते म्हणाल, तर डॉक्टर काय फक्त नातेवाईक तपासतात? खरं कारण यापेक्षा जुनं आहे आणि ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. रक्त, वार, मळ, विटाळ यांना हात लावणारं काम कोणाचं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवलं होतं.

माझ्या आईचा जन्म गावातल्या सुईणीच्या हातचा. तिने नाळ कापली, बाळबाळंतिणीला दहा दिवस तेल लावून न्हाऊ घातलं. बाराव्या दिवशी तिला खण-नारळ, शेरभर गहू आणि एक लुगडं मिळालं, ते ओसरीवर. आत नाही. आजी हे सांगायची तेव्हा तिला त्यात खटकण्यासारखं काही वाटत नसे. तुमच्या पत्रातली ओसरी मला तशीच दिसली. मुलीने इंग्रजी नावाचं काम इंग्लंडात केलं तर ती घरात येईल, तेच काम सांगलीत ‘सिस्टर’ म्हणून केलं तर बाहेर बसेल, असा काहीसा हिशेब. ‘मिडवाइफ’ला मराठीत सुईणच म्हणतात सर. तुमच्या मुलीला हे माहीत असावं आणि तरीही तिला ते व्हायचं असावं, असा माझा अंदाज आहे.

कन्सल्टंटने सांगितलेलं अर्धं खरं आहे. इंग्लंडमध्ये नर्स न होता थेट मिडवाइफरीची पदवी करता येते, ती तीन वर्षांची. अभ्यास आणि प्रत्यक्ष काम मिळून ४६०० तास भरावे लागतात आणि साधारण ४० बाळंतपणं स्वतःच्या हाताने करावी लागतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, नेदरलँड्स, कॅनडा इथेही थेट प्रवेश आहे. लांब कशाला, बांगलादेशात बारावीनंतर तीन वर्षांची मिडवाइफरीची पदविका आहे, नेपाळातही वेगळी पदवी आहे. मिडवाइफ व्हायला आधी नर्स असायलाच हवं असा जगाचा नियम नाही. मिडवाइव्हजच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे निकष दोन्ही वाटा मान्य करतात : थेट आलात तर किमान तीन वर्षं, नर्स होऊन आलात तर किमान दीड वर्ष.

न सांगितलेलं अर्धं असं. इंग्लंडातली बरीच विद्यापीठं मिडवाइफरीला परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत, कारण विद्यार्थ्यांसाठी लेबर रूममधल्या जागा मोजक्या असतात आणि त्या त्यांना आपल्याच मुलींसाठी हव्या असतात. जी घेतात त्यांची फी वर्षाला पंधरा-वीस लाखांच्या घरात किंवा त्याहून वर जाते, राहणं-खाणं वेगळं. दोन एकर त्यात पुरतील की नाही ते तुमच्या भागातल्या भावावर. कन्सल्टंटचं कमिशन मात्र सुटतं.

पण सगळ्यात मोठा गैरसमज तुमच्या या प्रश्नात आहे : परत आल्यावर इथे मिडवाइफ म्हणून काम करता येईल. नाही सर. आपल्याकडे ‘फक्त मिडवाइफ’ असा खणच नाही. बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम झालेल्या मुलीची राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंद होते ती ‘आरएन-आरएम’ अशी, म्हणजे परिचारिका आणि प्रसविका, दोन्ही एका दमात. अभ्यासक्रमाचं नावच बघा ना, जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी. एएनएममधला (ऑक्झिलरी नर्स-मिडवाइफ) शेवटचा ‘एम’ही तोच. नर्सिंग न शिकता केवळ मिडवाइफरीची पदवी घेऊन आलेल्या मुलीला बसवायला इथल्या व्यवस्थेत सरळ जागा नाही. सरकारी रुग्णालयात पद निघतं ते स्टाफ नर्सचं, त्याला ती पात्र नाही. खासगी दवाखाना तिला ठेवेल, पण कौन्सिलची नोंदणी नसलेली बाई बाळंतपणं करते हे त्या डॉक्टरला उद्या महागात पडेल. म्हणजे दोन एकर विकून तुम्ही मुलीला असं शिक्षण द्याल की तिला घरी परतता येणार नाही. तिला तिकडेच राहायचं असेल तर तो वेगळा विचार, पण मग तो तसा उघड करा. पत्रात तर तुम्ही ‘एकुलती एक आहे, जवळ राहावी’ असंही लिहिलंय.

आणि हो, पत्राला जोडलेली ती सहा महिन्यांच्या ऑनलाइन ‘सर्टिफाइड मिडवाइफ’ कोर्सची जाहिरात फाडून टाका. बाळंतिणीला धीर देणं, श्वासाचे व्यायाम शिकवणं हे चांगलं काम आहे, पण त्याला मिडवाइफरी म्हणत नाहीत.

मग तुमच्या मुलीने काय करावं? तुम्हाला नको असलेल्या दारातूनच आत जावं.

२०१८ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने देशातल्या मिडवाइफरी सेवांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातून ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हा नवा अभ्यासक्रम आला. तो अठरा महिन्यांचा आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय निकषातलं तेच दीड वर्ष. आधी नोंदणीकृत नर्स असणं आणि बाळंतपणाच्या कामाचा अनुभव असणं ही त्याची अट. या मुलींनी मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांच्या लेबर रूमला लागून मिडवाइव्हजनी चालवलेली स्वतंत्र प्रसूतिकेंद्रं सांभाळायची, विनागुंतागुंतीची बाळंतपणं स्वतःच्या जबाबदारीवर करायची आणि काही बिघडतंय असं दिसलं की वेळेत डॉक्टरला बोलवायचं, अशी कल्पना आहे. तेलंगणात हे काम सगळ्यांच्या आधी सुरू झालं. आपल्याकडे जागा अजून थोड्या आहेत आणि त्या बहुतेक सरकारी सेवेतल्या नर्सना मिळतात, हेही सांगून ठेवते. पण वारं त्याच दिशेचं आहे. १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ मध्ये जो नवा कायदा मंजूर झाला, त्याच्या नावातच ‘नर्सिंग आणि मिडवाइफरी’ आहे. गरज तर डोळ्यांसमोर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं दिसलं, सरकारीत १४.३ टक्के. कळा येणाऱ्या बाईजवळ शांतपणे सहा-आठ तास बसणारं माणूस कमी पडतंय, हे त्यामागचं एक कारण आहे. एकमेव नाही.

दोन वर्षांपूर्वी एका ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये मी परवानगी काढून रात्र काढली होती, आमच्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला येणाऱ्या मुलींना नीट सांगता यावं म्हणून. पहाटे चारच्या सुमारास बाळ आलं, रडलं आणि आम्ही सगळे बाळाकडे वळलो. एकटी सिस्टर बाळंतिणीकडे. मिनिटाच्या आत तिने मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, बाळामागून वार बाहेर आल्यावर ती ट्रेमध्ये पसरून पूर्ण आहे ना हे बोटांनी चाचपून पाहिलं, मग बेंबीखाली हात ठेवून उभी राहिली. मला बोलावलं. ‘बघा, गर्भाशय चेंडूसारखं कडक लागलं पाहिजे. मऊ लागलं की रक्त चाललंय समजा.’ दर पंधरा मिनिटांनी तोच हात, नाडी, बीपी, पॅडवरचं रक्त. बीपी का पडलं, सलाईन किती वेगाने सोडायचं, झटके येण्याआधीची डोकेदुखी कशी ओळखायची, हे ती नर्सिंगमध्ये शिकली होती. कळा सोसणाऱ्या बाईला कुशीवर कसं वळवायचं, ते मिडवाइफरीत. त्या खोलीत या दोन गोष्टी कुठे वेगळ्या होतात ते मला तरी दिसलं नाही.

प्रवेशाचं थोडक्यात : बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, पीसीबी आणि इंग्रजी हवं, ६८ टक्क्यांना पात्रतेची अडचण नाही, राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेशपरीक्षा द्यायची. जीएनएम तीन वर्षांचं, एएनएम दोन वर्षांचं. तिचे गुण पाहता मी बीएस्सीच म्हणेन. पुढे एमएस्सीला प्रसूतिशास्त्र नर्सिंग हा विषय घेता येतो. आणि इंग्लंडचं वेड राहिलंच, तर तिथे नोंदणी झालेल्या नर्ससाठी मिडवाइफरीचा कमी मुदतीचा अभ्यासक्रम असतो. तेव्हा ती पगार कमावत जाईल, जमीन विकून नाही.

कॉलेज निवडताना मात्र घाई करू नका. इमारत, बस, कॅन्टीन बघू नका. कॉलेजला स्वतःचं रुग्णालय आहे का आणि तिथे महिन्याला किती बाळंतपणं होतात, हे विचारा. आकडा सांगताना प्राचार्य गोलगोल बोलू लागले की उठा. मग फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाच्या मुली भेटतील, त्यांना मुलीलाच विचारू द्या : ‘लॉगबुकातली बाळंतपणं तू स्वतः केलीस की मैत्रिणीच्या वहीतून उतरवलीस?’ त्या आधी हसतात, मग खरं सांगतात. एका मुलीने मला सांगितलं होतं, वहीत वीस, हातची दोन. ती मुलगी आज नर्स आहे, पण लेबर रूमची ड्यूटी लागली की रजा टाकते. तुमच्या मुलीचं तसं व्हायला नको असेल, तर सांगली-मिरज, कोल्हापूर भागात सरकारी रुग्णालयाशी जोडलेली कॉलेजं पसंतीक्रमात वर ठेवा. तिथली लेबर रूम रिकामी नसते.

स्थळांची काळजी तुम्ही दुसऱ्या पानावर व्यक्त केली आहे. त्यावर मी काही लिहिणार नाही. ती एकोणीस वर्षांची आहे.

पुढचं पत्र तुम्ही लिहू नका, तिला लिहू द्या. टक्केवारी, खर्च, घराणं यातलं काही नको. फक्त ताईच्या बाळंतपणाची ती रात्र तिने लिहावी : किती वाजता तिला आत घेतलं, सिस्टरने तिच्या हातात काय धरायला दिलं, कशाची भीती वाटली, सकाळी घरी आल्यावर तिला झोप लागली का.