एक्स-रे नॉर्मल आला म्हणून रविवारी पळू नकोस

तुझी पोस्ट रात्री वाचली आणि झोपच उडाली. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला तीन आठवडे दुखतंय, सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली चार पावलं नको वाटतात, एक्स-रे नॉर्मल आलाय. पळणारे ग्रुपवाले म्हणतात, ‘शिन स्प्लिंट आहे (म्हणजे पळून पळून नडगीची कड दुखणं), सगळ्यांना होतं, पट्टी बांध आणि पळ.’ जानेवारीत मुंबईची पहिली हाफ मॅरेथॉन आहे आणि या रविवारी सोळा किलोमीटर करू का, असं विचारतेस. तुझ्या पोस्टमधलं नाशिकचं इंदिरानगर काढून गंगापूर रोड लिहिलं आणि उजवा काढून डावा पाय केला, तर ही 2023 सालची मीच.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, फिजिओ नाही. शाळेत मराठी शिकवते, आणि पळायला लागले तेव्हा चाळिशी उलटली होती. खाली लिहिलंय ते माझ्या एका पायाचं आहे. तुझा पाय तपासल्याशिवाय नक्की काही सांगता येणार नाही, आणि कुणी इथे बसून सांगत असेल तर त्याचंही ऐकू नकोस. वॉर्मअप, बूट, स्ट्रेचिंग यावर काही लिहीत नाही. ते तुला माझ्याआधी दहा जणांनी सांगितलंच आहे.

माझी सुरुवात नवरात्रात झाली. 15 ऑक्टोबरला घट बसले. ग्रुपमध्ये टूम निघाली की नऊ दिवस रोज आठ किलोमीटर, रोज त्या दिवसाच्या रंगाचा टी-शर्ट, रोज फोटो. तोवर मी आठवड्यातून चारदा पळत होते, मध्ये सुट्ट्या असायच्या. पण फोटोत आपला रंग चुकायला नको! त्यात माझे नऊ दिवसांचे उपवास, आणि आईपासून चालत आलेलं अनवाणी राहणं. म्हणजे पहाटे बूट घालून आठ किलोमीटर, घरी आल्यावर बूट काढून अनवाणी कालिका मंदिरात दर्शनाला, तिथून शाळा, शाळेत फरशीवर उभ्याने सहा तास. पोटात काय, तर साबुदाण्याची खिचडी, एखादं केळं आणि चार वेळा चहा. दसऱ्याला सगळ्यांनी माझं किती कौतुक केलं म्हणून सांगू.

कोजागिरीच्या सुमाराला नडगी कुरकुरायला लागली. सुरुवातीला पळताना पहिले दोन किलोमीटर दुखायचं आणि मग थांबायचं. मला वाटलं, अंग तापलं की बरं होतंय. मग ते पूर्ण रनभर दुखायला लागलं. मग जिना उतरताना. मग रात्री कुशीवर वळताना. हा क्रम नीट वाच. दुखणं पळण्यातून चालण्यात आणि चालण्यातून झोपेत शिरतं, तेव्हा ते बहुतेक नुसतं स्नायूचं राहिलेलं नसतं. हे मला कुणी सांगितलं नाही. खरं म्हणजे मी कुणाला नीट विचारलंच नाही.

दिवाळीच्या आधी एका ठिकाणी दाखवलं. नाव घेत नाही. दीड तास बाकावर बसले आणि आत चार मिनिटं. डॉक्टरांनी पायाला हातसुद्धा लावला नाही. एक्स-रे काढून आणा म्हणाले. आणला. खिडकीकडे धरून पाहिला आणि, ‘काही नाही, हाड एकदम छान आहे. या वयात कशाला पळता मॅडम, चाला की.’ गोळ्या, मलम, पुढचा पेशंट. मी बाहेर आले ती उड्या मारायच्या बेतात. हाड छान आहे! त्यांचं ‘कशाला पळता’ हे वाक्य मी वयावरचा टोमणा म्हणून सोडून दिलं आणि ‘हाड छान आहे’ तेवढं घेऊन घरी आले. चूक त्यांची किती आणि माझी किती, याचा हिशेब अजून लागलेला नाही. पण ते एक बोट दाबून पाहायला काय जात होतं?

त्या एक्स-रेच्या कागदावर एक ओळ असायला हवी होती, ती मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडून कळली. सतत ताण पडून हाडाला जी बारीक चीर जाते, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसतच नाही. हाड भरून यायला लागलं की त्या जागी नवं हाड चढतं, ते नंतरच्या एक्स-रेत दिसतं, आणि कधी तेही दिसत नाही. एमआरआयमध्ये मात्र हाडाच्या आतली सूज लवकर दिसते. म्हणजे तुझ्या नॉर्मल एक्स-रेचा अर्थ ‘हाड मोडून दोन तुकडे झालेले नाहीत’ एवढाच आहे. ते तुला आधीही माहीत होतं, चालत गेली होतीस की तिथपर्यंत.

19 नोव्हेंबरचा रविवार. ती तारीख कुणीच विसरणार नाही, वर्ल्ड कपची फायनल होती. दुपारी मॅच आहे म्हणून लाँग रन पहाटे पाचला ठेवला, अठरा किलोमीटर. निघताना मी डायक्लोफेनॅकची, म्हणजे दुखणं दाबणारी, गोळी घेतली. सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. नवरात्राचं मी माफ करीन, एक्स-रेचंही करीन, पण ती गोळी नाही. सोमेश्वरपर्यंत काही जाणवलं नाही. धरणाच्या रस्त्याने पुढे जाऊन वळलेसुद्धा, पेस, म्हणजे पळण्याचा वेग, नेहमीपेक्षा चांगला होता. चौदाव्या किलोमीटरला नडगीत एक कळ आली, वरून खाली, आणि पाय टेकवेना. रस्त्याकडेच्या द्राक्षबागेच्या कुंपणाला धरून उभी राहिले. एका दूधवाल्या दादांनी गाडीवर मागे कॅनच्या मध्ये बसवून आणलं. दुपारी मी सोफ्यावर पायाला बर्फ लावून, आणि घरातले सगळे टीव्हीसमोर. संध्याकाळी सगळ्यांचेच चेहरे पडलेले होते, त्यामुळे माझ्याकडे कुणी विशेष लक्ष दिलं नाही.

वेदना ही एकच गोष्ट होती जी मला खरं सांगत होती, आणि मी तिचंच तोंड दाबलं. शिवाय अशा गोळ्या घेऊन घाम गाळत दोन-दोन तास पळणं मूत्रपिंडालाही घातक असतं, हे वेगळंच. आपल्याकडे रेसच्या सकाळी ‘एक घेऊन ठेव, सेफ्टीला’ म्हणून पेढ्यासारख्या वाटतात. कुणी दिली तर घेऊ नकोस. ‘नाही’ म्हण, वाईट वाटू दे त्यांना.

मग एमआरआय झाला, चीर दिसली. आठ आठवडे पळणं बंद, त्यातले पहिले तीन काठी घेऊन. जानेवारीची रेस गेली. फी परत मिळाली नाही, हॉटेलचे पैसेही बुडाले. मार्चच्या मध्यावर मी पहिल्यांदा सलग एक किलोमीटर पळले. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर, आणि शेजारून आजोबा चालत पुढे गेले.

आता तुझ्या पायाचं. बसून नडगीच्या आतल्या कडेवरून वरून खाली एक बोट दाबत जा. चार-पाच बोटं आडवी मावतील एवढ्या पट्ट्यात सगळीकडे सारखंच ठसठसत असेल, तर ग्रुपवाले म्हणतात ते शिन स्प्लिंट असू शकेल. नाण्याएवढ्या एकाच जागी जीव जात असेल, आणि उद्या दाबलं तरी नेमकी तीच जागा, तर ते हाडाचं समजून चाल. आतल्या कडेऐवजी नडगीच्या समोरच्या धारेवर एका जागी दुखत असेल, किंवा जांघेत दुखत असेल, तर ही पोस्टही पूर्ण वाचू नकोस. पळणं आज बंद कर आणि उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे जा. त्या दोन जागा फार वाईट, तिथली चीर वाढली तर प्रकरण ऑपरेशनपर्यंत जातं. कुणीतरी तुला सांगेल की चीर आहे का ते कळायला एका पायावर दहा उड्या मारून बघ. मी मारल्या होत्या. मारू नकोस. डॉक्टरांना समोर बसून बघायचं असेल तर त्यांचं ते बघतील.

रविवारचे सोळा? नाही. रेसला अजून दहा आठवडे आहेत. एक लाँग रन बुडाल्याने हाफ बुडत नाही, तीन बुडाले तरी बुडत नाही. श्वासाची तयारी पाण्यात टिकवता येते. तरण तलावात पाय तळाला टेकणार नाहीत एवढ्या खोल पाण्यात तरंगायचा पट्टा बांधून जागच्या जागी पळायचं. दिसायला अगदी मूर्खपणाचं दिसतं, लहान मुलं हसतात, पण धाप लागते. तेही डॉक्टर हो म्हणाले तर. डॉक्टर निवडताना मात्र खेळाडू बघणारे शोध. शहरात आहेत. फोनवरच विचार, ‘पळणारे पेशंट बघता का?’ ‘पळता कशाला’ असं उत्तर आलं की फोन ठेव.

हाडाचं गणित मला डॉक्टरांनी समजावलं, ते नाशिककराला लगेच कळेल. सिंहस्थ आला की रस्ते कसे आधी खोदतात आणि डांबर नंतर पडतं? नव्या ताणाला हाडही तसंच वागतं. आधी जुनं कुरतडून काढतं, नवं भरायला त्यानंतर कित्येक आठवडे लागतात. मधल्या काळात तो भाग कच्चा असतो. मी नेमके त्या खोदलेल्या रस्त्यावरून नऊ दिवस ट्रक नेले. आणि भरायला मालही दिला नाही, कारण उपवास. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं जवळपास नाहीत. माझं ड जीवनसत्त्व 11 आलं होतं, म्हणजे फारच कमी. पहाटे अंधारात पळायचं, दिवसभर वर्गात, बाहेर पडले तर तोंडाला स्कार्फ, ऊन लागणार कधी?

एक गोष्ट मी कुठे लिहीत नाही, पण तू बाई आहेस म्हणून लिहिते. त्या दोन महिन्यांत माझी पाळी चुकली होती. वय 44, मला वाटलं आली वेळ. वेळ आलेली नव्हती. खाणं सुधारल्यावर फेब्रुवारीत परत सुरू झाली. शरीराला जेवढं लागतं तेवढं मिळत नाही तेव्हा ते आधी पाळी बंद करतं आणि हाडांकडे दुर्लक्ष करतं. तुझी चुकली असेल तर डॉक्टरांना पायाबरोबर हेही सांग. लाजू नकोस, मी लाजले होते.

उपवास सोड असं मी म्हणणार नाही, मीही सोडलेला नाही. आता नवरात्रात पळणं निम्म्यावर आणते आणि खाण्यात दूध, दाणे, राजगिरा, दही असतं. एरवी रोज नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि आपल्याकडे ती कुठेही मिळते. त्या अडीच हजारांच्या परदेशी पावडरींच्या डब्यांची गरज नाही. हे माझं मत, डबे विकणारे इथेच आहेत, ते भांडतील.

रस्त्याचं एक राहिलं. आपण सगळे नेहमी रस्त्याच्या एकाच कडेने पळतो, आणि कडेला रस्ता उतरता असतो. त्यामुळे एक पाय कायम खाली पडतो. परत येताना रस्ता रिकामा असेल तर बाजू बदल, नाहीतर आठवड्यातले दोन दिवस मातीचा ट्रॅक धर. कृषीनगरचा तुला फार लांब नाही. आणि बरी झाल्यावर मुंबईचा पेस नाशिकच्या थंडीवर ठरवू नकोस. इथे डिसेंबरात पहाटे दात वाजतात, तिथे जानेवारीतही पहिल्या तीन किलोमीटरला टी-शर्ट अंगाला चिकटतो. मी 2025 च्या जानेवारीत शेवटी ती हाफ पूर्ण केली, दोन तास एकतीस मिनिटं. इथल्या सरावापेक्षा अकरा मिनिटं जास्त.

बोटाने दाबून काय वाटलं ते इथे लिही किंवा मला निरोप कर. एमआरआय करायची वेळ आलीच, तर मंगळसूत्र, बांगड्या, पैंजण सगळं घरीच काढून जा. माझी जोडवी निघेनात. तिथल्या बाथरूममध्ये बसून साबण लावून वीस मिनिटं ओढत होते, आणि बाहेर माझा नंबर गेला.