प्रिंटर बावीस हजारांचा, काळजी सहा लाखांची

बेळगावजवळच्या खानापुरात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या वाचकाचं पत्र आहे. सहा रंगांचा इंक टँक प्रिंटर २२ हजारांना मिळतोय, डाय-सब, म्हणजे रिबन तापवून फोटो छापणारा, ९५ हजारांना. पहिल्यावर ५७६० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) लिहिलंय, दुसऱ्यावर फक्त ३००. मग महागडं मशीन घ्यायचं कशाला, की त्यातच काही खास आहे? त्यांचा कल डाय-सबकडे आहे. पैसे सोसायटीतल्या ठेवीवर १२.५ टक्क्यांनी कर्ज काढून उभे करणार. त्याच सोसायटीत तीन पावत्यांवर मिळून ६ लाखांची मुदत ठेव, ९ टक्क्यांनी, आणि रोजची ३०० रुपये पिग्मी. मुलगी शाळेत आहे. दुसरी बचत नाही.

प्रिंटरचं आधी मिटवू. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करायचीच नसते. इंकजेटचे, म्हणजे तुमच्या टँकवाल्याचे, ५७६० म्हणजे हेड शाईचे थेंब किती बारीक अंतरावर टाकू शकतं, एवढंच. एक छटा जमवायला त्याला अनेक थेंब लागतात. डाय-सबमध्ये रिबनवरचा रंग उष्णतेने कागदात उतरतो आणि प्रत्येक ठिपका फिका-गडद करता येतो, म्हणून तिथे ३०० पुरतात. चार बाय सहाच्या फोटोला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरे, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या आसपास. त्यामुळे डीपीआयचा आकडा विसरा.

बघायचं ते वेगळंच. डाय-सबचा फोटो कोरडाच बाहेर येतो, वर संरक्षक थर असतो. जत्रेत किंवा लग्नाच्या हॉलमध्ये जागेवर प्रिंट देणाऱ्याला तोच हवा. टँकवाला बरेच दिवस बंद राहिला की नोझल चोंदतात आणि साफसफाईत शाई जाते. पावसाळ्यात तुमच्याकडच्या दमट हवेत प्रिंट वाळायलाही वेळ घेते, कागद पिशवीत घट्ट बांधून ठेवावा लागतो. पण पासपोर्टच्या आठ प्रती एका शीटवर काढून गिऱ्हाईकाला पाच मिनिटं बसवलं तर बिघडत नाही.

तुम्ही दिवसाला ४० प्रिंट धरून सात महिन्यांत वसुली मांडलीत. आज १२ जातात, हेही तुम्हीच लिहिलंय. मशीन आणलं म्हणून गिऱ्हाईक तिप्पट होत नाही. दर २५ रुपये, तुमच्याच आकड्यांप्रमाणे डाय-सबचा खर्च १२, टँकचा ६. महिन्याचे २६ दिवस धरले तर डाय-सबवर ४ हजार सुटतात, वसुलीला दोन वर्षं. टँकवर ६ हजार, वसुली चार महिन्यांत. टँक घ्या.

आता तुम्ही विचारलंच नाही ते. पिग्मी एजंट म्हणाला, ‘ठेव मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. ठेवीला सरकारी हमी आहे.’ हे साफ खोटं आहे आणि असं सांगून ठेवी गोळा करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांतल्या ठेवींना असतो, सहकारी बँकाही त्यात आल्या. पतसंस्था, कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी संस्था, एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या मल्टिस्टेट सोसायट्या, यांतल्या एकाही ठेवीला तो नाही, काउंटर कितीही बँकेसारखा दिसो. तुमच्या सोसायटीची एक शाखा कर्नाटकात खानापुरात, दुसरी महाराष्ट्रात चंदगडला आहे म्हणता. म्हणजे ती मल्टिस्टेट, तिचे निबंधक दिल्लीत. उद्या पैसे अडकले तर बेळगावात कोणाकडे जाणार?

तुमची सोसायटी बुडेल असं मी म्हणत नाही. पण बँकेपेक्षा दोन टक्के जास्त म्हणजे ६ लाखांवर वर्षाला १२ हजार. तेवढ्यासाठी घरातली सगळी पुंजी एका ठिकाणी, तीही विम्याशिवाय?

आणि कर्ज कशाला? दहा महिन्यांच्या पिग्मीचे सुमारे ९० हजार ३ टक्क्यांनी पडून आहेत आणि तुम्ही त्याच काउंटरवर १२.५ टक्क्यांनी उचलताय. दोन महिने थांबा, पिग्मी पुरी होऊ द्या, त्यातून २२ हजारांचा प्रिंटर घ्या. उरलेले बँकेच्या बचत खात्यात, मुलीच्या शाळेसाठी आणि आजारपणासाठी.

पासबुक घेऊन शाखेत जा, एजंटच्या मशीनच्या पावत्या आणि खात्यातली रक्कम जुळते का पाहा. मुदत ठेवीच्या तिन्ही पावत्यांच्या तारखा लिहून काढा. एकेक पावती संपेल तशी रक्कम दोन बँकांत वाटून टाका, व्याज धरूनही एकीत ५ लाखांच्या आत राहील अशी. तोवर आपोआप नूतनीकरणाच्या फॉर्मवर सही करू नका.