जुनी यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक बाइक) मातीत पळवायला घेतली आहे. किक मारताना कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चांगलं जाणवतं, तर नुसतं बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणं) आणि नवा पिस्टन पुरेल का?

नाही, आधी क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) आणि त्याच्या दोन बाजूंची ऑइल सील (हवा-तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) तपासा, बोअरिंगचं नंतर. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (क्रँक बसतो त्या खालच्या पेटीत) येतं आणि तिथून दाबाने वर जातं. त्यामुळे किकला दाब चांगला लागला तरी खालचा भाग धड आहे असं त्यातून कळत नाही. मॅग्नेटोकडचं (वीज तयार करणाऱ्या भागाकडचं) सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि नवाकोरा पिस्टनही जाम होतो. क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल जळतं: सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि ऑइलची पातळी विनाकारण कमी.

सिलिंडर काढल्यावर एवढं बघा:
- कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) सरळ वर-खाली हलवा. जराही खटखट जाणवली तर क्रँकचं काम आलंच. बाजूला थोडी हालचाल चालते.
- पिस्टनच्या माथ्यावर ०.५० वगैरे आकडा (मिमीमध्ये वाढीव माप) असेल तर आधी बोअरिंग झालेलं आहे. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी.
- रीड व्हॉल्व्हच्या (मिश्रण फक्त आत येऊ देणाऱ्या झडपेच्या) पाकळ्या चिरलेल्या किंवा तुटलेल्या नाहीत ना.

बोअरचं माप लेथवाल्याकडूनच घ्या (नखाने चाचपून 'ठीक आहे' म्हणणारे भेटतील, ऐकू नका), आणि पिस्टन आधी आणून त्याच्या मापाने बोअर करायला सांगा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. मात्र सिलिंडरला ओरखडे नसतील आणि माप हद्दीत असेल, तर फक्त रिंगा आणि सील बदलूनही भागतं.